पायऱ्यांवरचं मीठ

माझे सासरे जन्मभर बर्फ बनवत आले आणि आमच्या गावाने बर्फ पाहिला तो फक्त सरबताच्या पेल्यात. सगळ्या भांडणाचं मूळ एवढंच.

त्यांना सगळे अप्पा म्हणतात, आणि पाठ फिरली की बर्फअप्पा. मासळीबाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात लागले तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं, निवृत्त झाले तेव्हा ते तिथले फोरमन होते. मिठाच्या पाण्याचा मोठा हौद, त्यात पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे सोडायचे, आतलं पाणी गोठलं की डबे वर ओढायचे, लादी सुटी करायची आणि आकड्याने ओढत गाडीपर्यंत न्यायची. बाहेर माणसं घामाने निथळायची आणि हे आत दोन स्वेटर आणि गमबूट घालून उभे. त्यात उजव्या हाताची करंगळी कायमची बधिर झाली. चहा गरम आहे की गार, हे ते अजूनही डाव्या हाताने बघतात.

अशा माणसाचा स्वभाव तरी थंड असेल, असं मला लग्नाआधी वाटलं होतं. लग्नानंतर कळलं, की यांच्या डोक्यावर आधण ठेवलं तर चुलीची गरज नाही. गावाने थंडीची थट्टा केली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा बंद करायचे चार दिवस. त्या चार दिवसांत लोक हौसेने शाली मिरवतात आणि "काय गारठा आहे" असं हसत हसत म्हणतात. अप्पा म्हणायचे, "यांना गारठा काय असतो ते एकदा दिसायला पाहिजे. पण नकोच दिसायला. एकेकाची वाट लागेल."

त्याला कारण होतं. कारखान्यात एकदा दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी लोखंडी पाइपात पाणी तसंच ठेवून घरी गेलं. सकाळी अप्पांच्या डोळ्यांदेखत तो पाइप उभा फाटला आणि त्याच्या उडालेल्या तुकड्याने त्यांच्या कामावरच्या जोडीदाराचा गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून साचलेलं पाणी दिसलं की अप्पा त्याच्याकडे संशयानेच बघतात.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी धावपळ त्यांच्यासाठी होती. मागच्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आता हळूहळू चालतील, पण पुन्हा पडल्या तर जन्मभराची खुर्ची. हे वाक्य सासूबाई दुसऱ्या दिवशी विसरल्या. अप्पा विसरले नाहीत. घरातली सगळी पायपुसणी उचलली, कोपऱ्याकोपऱ्यात दिवे लावले, आणि त्या उठल्या की हे मागे हात पसरून उभे. "मला काय झेलताय, मी काय चेंडू आहे?" असं त्या करवादायच्या.

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर. खाली एका शिंप्याचं दुकान आणि रस्त्यावरून वर जाणारा दगडी जिना, बाहेरच्या बाजूने, उघडा. या पायऱ्या म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. लग्न होऊन आल्यापासून रोज उजाडायच्या आत बादली आणि खराटा घेऊन त्या वरपासून खालपर्यंत पायऱ्या धुवायच्या. बाहेर धो धो पाऊस पडत असला तरी धुवायच्या. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "आई, पाऊस धुतोयच ना?" तर म्हणाल्या, "पावसाला कोपरे कळत नाहीत."

हाड मोडल्यावर हे काम अप्पांकडे आलं. ज्या माणसाने स्वतःचा कप कधी विसळला नव्हता, तो रोज पहाटे खराटा घेऊन पायऱ्यांवर, आणि सासूबाई वर खिडकीत खुर्ची टाकून देखरेखीला. "कोपरा राहिला." "मधली परत घासा." अप्पा तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, पण एक दिवस कधी चुकवला नाही. वर्षभरात त्यांच्या हाताला अशी सवय झाली, की पुढे पुढे ते अर्धवट झोपेतच पायऱ्या धुवायचे.

तर यंदा, त्या दोघांच्या घरी एकच तारीख भिंतीवर लिहिलेली होती. त्या दिवशी सकाळी डॉक्टर सासूबाईंच्या हाडाचा फोटो काढून बघणार होते आणि सगळं ठीक असेल तर वॉकर काढून हातात नुसती काठी देणार होते. म्हणजे वर्षाने त्या पहिल्यांदा जिना उतरणार होत्या. ऑपरेशननंतर त्यांना उचलून वर नेलं होतं, त्यानंतर रस्ता त्यांनी खिडकीतूनच बघितला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने त्यांना जिना उतरायचा सराव घरातल्या उंबऱ्यावर करून घेतला होता. तिने एवढंही सांगितलं, की आजी, भीती वाटली तर सरळ बसायचं आणि बसून एकेक पायरी खाली सरकायचं, त्यात काही कमीपणा नाही. सासूबाईंना तो केवढा अपमान वाटला. "मी काय रांगणारं पोर आहे? उतरेन तर पायांनी."

आणि नेमक्या त्याच आठवड्यात रेडिओवर सांगितलं, की थंडीची लाट येत आहे, पहाटेचं तापमान शून्याच्या खाली जाईल, नागरिकांनी काळजी घ्यावी.

नागरिकांनी काळजी घेतली ती अशी. माझं औषधांचं दुकान आहे. दोन दिवसांत माझ्याकडची तोंडाला लावायची क्रीम संपली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, बर्फ पडलाच तर फोटो टेकडीवरून चांगला येईल की गच्चीवरून. खालच्या शिंप्याने कानटोप्या शिवून दारात टांगल्या. ज्याला त्याला वाटत होतं, की आपल्याकडे कुणीतरी पाहुणा येतोय.

अप्पा माझ्या दुकानात आले ते तावातावाने. "जावईबापू, शटर खाली करा. आपल्याला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जायचंय."

"अप्पा, गर्दी आहे. संध्याकाळी जाऊ."

"संध्याकाळी तिथे कोण असतं? झाडूवाला. त्याला सांगू का?"

गेलो. खिडकीत एक कारकून बसला होता. अप्पांनी त्याला शांतपणे समजावलं, म्हणजे त्यांच्या मानाने शांतपणे. गावातले सगळे पाइप भिंतींवर उघडे आहेत. पाणी गोठलं की फुगतं आणि लोखंड फाडतं. लोकांना जाहीर करून सांगा, की रात्री नळ किंचित चालू ठेवा, वाहतं पाणी सहसा गोठत नाही. आणि उघड्या पाइपांना काहीतरी गुंडाळा.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "आजोबा, नळ चालू ठेवा असं आम्ही कसं सांगणार? ही बघा पाटी." त्याच्या डोक्यावर 'पाणी वाचवा' लिहिलेलं होतं.

"पाइप फुटल्यावर काय वाचवणार? पाटी?"

"फुटला तर तक्रार घेऊन या. तक्रारीची खिडकी पलीकडे आहे."

"अरे, फुटू नये म्हणून आलोय."

"न फुटलेल्या पाइपाची तक्रार घेत नाहीत, आजोबा."

बाहेर आल्यावर अप्पांनी वळून एकदा त्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी त्याचा आजोबा नाही." मला कारकुनाचा राग आला होता, पण खरं सांगायचं तर अप्पांचाही आला होता. दिवसभर दुकान बंद, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा हमाल. वखारीतून जाड्या मिठाची पोती आणायची, ती खांद्यावरून त्या पायऱ्या चढून वर न्यायची. जावयाचे लाड होतात असं म्हणतात. माझ्या खांद्याला विचारा.

मिठाचं कारण कारखान्यातलंच. हौदातलं मिठाचं पाणी इतकं गार असूनही गोठत नाही, म्हणूनच त्यात बर्फ करता येतो. तर पायऱ्यांवर मीठ टाकलं, की दवाचा बर्फ होणार नाही आणि सासूबाई घसरणार नाहीत. मोठा डबा भरून त्यांनी जिन्याच्या वरच्या टोकाला, दारातच ठेवला. शिंप्याने खालून विचारलं, "अप्पा, लोणचं घालताय का पायऱ्यांचं?" अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो कात्री शोधायला आत गेला.

त्यांनी पाइपही गुंडाळला. घरात जुनी पोती होती, चिंध्या होत्या. पण यांनी पेटी उघडली आणि सासूबाईंची लग्नातली कापसाची रजई कापली. लांब लांब पट्ट्या करून, सुतळीने बांधत, खालपासून गच्चीपर्यंत अख्खा पाइप मढवला. सासूबाईंना कळलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं त्यांनी.

"माझी रजई पाइपाला?"

"तुला पांघरायला दुसरी आहे. पाइपाला कोण आहे?"

"आणि विचारायचं तरी?"

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

त्यावर त्यांनी दोन जेवणं अबोला धरला. माझी बायको म्हणाली, "अप्पा, डॉक्टरांची तारीखच पुढे ढकलू या ना. थंडी जाऊ दे." अप्पांनी आधीच विचारलं होतं. डॉक्टर त्यानंतर मोठ्या रजेवर जाणार होते. आणि सासूबाई तर ऐकूनच घेत नव्हत्या. "एक वर्ष बसले. आता एक दिवस जास्त बसणार नाही. मी उतरणार म्हणजे उतरणार."

पहिल्या रात्री थंडी आलीच नाही. ढग आले आणि गारवा होता तोही कमी झाला. सकाळी गल्ली अप्पांच्या पाइपाखाली जमली. शिंपी म्हणाला, "अप्पा, पाइपाला घाम फुटलाय, एक पट्टी सोडा जरा." दुसऱ्याने विचारलं, पाइपाला कानटोपी हवी का. मी हसलो नाही, पण माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मान वळवली. अप्पा त्या दिवशी खाली उतरले नाहीत. दार लावून बसले. मला वाईट वाटलं आणि वैतागही आला. एवढी माणसं उगीच दुखावली, एवढं ओझं वाहिलं, आणि पदरात काय, तर गल्लीला चघळायला विषय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग गेले. संध्याकाळी मी डोकावलो तेव्हा अप्पा गमबूट घालून पायऱ्यांवर मीठ पेरत होते. मुठीने, नीट, कोपऱ्याकोपऱ्यात. सासूबाई खिडकीतून बघत होत्या आणि त्यांचा जीव वरखाली होत होता.

"काय ते रूप पायऱ्यांचं. चुन्याचं पोतं फुटल्यासारखं दिसतंय."

"उद्या यावरूनच उतरायचंय तुला."

"म्हणूनच सांगतेय. वर्षाने उतरणार मी. गल्ली बघायला उभी राहणार. तेव्हा माझ्या पायऱ्या अशा?"

"ऊन येऊ दे, मग धुतो. तोपर्यंत हात लावायचा नाही."

"आठवणीने धुवा म्हणजे झालं."

"धुतो म्हटलं ना." ते वैतागून ओरडले आणि मीठ पेरत राहिले.

सकाळी मी रिक्षा घेऊन गल्लीत शिरलो तेव्हा हवा नाकाला झोंबत होती. उभ्या गाड्यांवर पांढरी भुकटी बसली होती. समोरच्या घराचा पाइप फुटला होता आणि पाण्याचा फवारा थेट रस्त्यावर उडत होता. लोक बादल्या घेऊन धावत होते, घसरत होते, एकमेकांना शिव्या घालत होते. पुढेही कुठेतरी तेच चाललं होतं. थंडी आली होती. पहिलं माझ्या मनात आलं ते हे, की अप्पा जिंकले. आता वर्षभर ऐकावं लागणार.

अप्पा जिन्याच्या पायथ्याशी पडले होते. एक पाय भलताच वळलेला. पायात गमबूट नव्हते, घरातल्या सपाता होत्या. बाजूला बादली लवंडलेली आणि खराटा अजून हातात.

पायऱ्या लखलखत होत्या. स्वच्छ, कोपऱ्यांसकट धुतलेल्या, आणि वरपासून खालपर्यंत काचेसारख्या.

शिंपी त्याच्या दारात चौकट धरून उभा होता, दोनदा घसरून ओला झालेला. त्याने सगळं पाहिलं होतं. अप्पा नेहमीच्या वेळी बाहेर आले. आधी पाइपाला हात लावून पाहिला. पाइप शाबूत होता, आणि समोरचा फुटलेला. शिंपी म्हणाला, त्यांचा चेहरा एवढा खुललेला त्याने आजवर पाहिला नव्हता. नजर त्या पाइपावरच, मान वर, आणि हात आपले रोजचं काम करत होते. बादली, खराटा, बादली, खराटा. आदल्या संध्याकाळी पेरलेलं मीठ त्यांनी स्वतः धुऊन काढलं. खाली पोचले, वर पाइपाकडे एकदा पाहून हसले, आणि वर जायला पाय टाकला.

मी त्यांच्याकडे धावलो आणि आपटलो. उठलो, परत आपटलो. मग गुडघ्यांवर सरपटत गेलो. अप्पांचे ओठ निळे पडले होते, आणि ते माझ्याकडे बघतही नव्हते. ते वर बघत होते.

वर दारात सासूबाई उभ्या होत्या. नवी शाल, केस विंचरलेले, दोन्ही हात वॉकरवर.

"मागे हो," अप्पा ओरडले. आवाज फुटत नव्हता तरी ओरडले. "आत जा. पाऊल टाकू नकोस. जावईबापू, तिला थांबवा."

मी कसा थांबवणार? पहिल्याच पायरीवरून मी खाली आलो. शिंप्याने सतरंजी टाकली, तीही सरकली. मी ओरडलो, "आई, आम्ही आहोत इथे. तुम्ही आतच थांबा."

त्यांनी वॉकर बाजूला ठेवला. दाराची चौकट धरून हळूच खाली बसल्या. मग शेजारचा मिठाचा डबा मांडीवर ओढला, मूठ भरून पुढच्या पायरीवर टाकली, आणि थांबल्या. त्या कशासाठी तरी थांबल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बर्फ करकरायला लागला तसं हाताने चाचपून पाहिलं, आणि बसूनच त्या पायरीवर सरकल्या. परत मूठ. परत थांबणं. परत सरकणं. सगळी गल्ली बादल्या हातात धरून बघत होती. ज्या बाईला गल्लीसमोर पायांनी उतरायचं होतं, ती पोरासारखी बसून उतरत होती, नवी शाल ओल्या मिठात घासत. कोणी हसलं नाही.

अप्पा रडत होते. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. "पडेल ती," एवढंच म्हणत होते. "पडेल ती."

त्या पडल्या नाहीत. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं. आधी त्यांच्या हातातला खराटा सोडवून दूर फेकला.

"कोणी सांगितलं होतं धुवायला?"

अप्पांनी त्यांच्या शालीचं टोक मुठीत धरलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं." आणि तोंडावर पदर घेतला.

ज्या रिक्षातून सासूबाई जायच्या होत्या तिच्यातून अप्पांना नेलं. खुबाच मोडला होता, सासूबाईंचा मोडला होता त्याच बाजूचा. त्याच डॉक्टरांनी रजा पुढे ढकलून ऑपरेशन केलं आणि तेच वाक्य त्यांनाही ऐकवलं. सासूबाईंना काठी मिळाली. थंडी त्यानंतर दोनच रात्री टिकली. पाणीपुरवठ्याच्या तक्रारीच्या खिडकीवर आठवडाभर रांग होती.

आता उन्हाळा आहे. डांबर वितळतंय, सावलीतही बसवत नाही. अप्पा वरच्या खिडकीत, सासूबाईंच्या खुर्चीत बसलेले असतात. पाइपावर ती रजई अजून तशीच आहे, सासूबाई ती कोणाला सोडू देत नाहीत. आणि रोज संध्याकाळी सासूबाई काठी टेकत दारात येतात, डब्यात हात घालतात आणि पायऱ्यांवर मीठ टाकतात. पायऱ्या कित्येक महिन्यांत कोणी धुतलेल्या नाहीत. कोपऱ्यांत धूळ आहे, मिठाचे थर आहेत, कडा पांढऱ्या पडल्यात.

अप्पा खिडकीतून वैतागतात. "अगं, उन्हाळा आहे. काही गोठत नाही. मी सांगतो ना, मला कळतं बर्फातलं."

"असू दे," सासूबाई म्हणतात, आणि आणखी एक मूठ टाकतात.